न आटणारे सदतीस

"डीलिया इतकी वर्षं माझ्याकडे आहे. पण फितूर तीच!" क्लेम ग्रॅबोव्स्कीनं टेबलावर मूठ आपटली. बोटं सगळी वाकडी, शिकागोत हातमोज्याशिवाय सॉफ्टबॉल खेळणाऱ्यांची असतात तशी. मागच्या भिंतीवर काचेत त्याचा जुना संघाचा शर्ट होता. पाठीवर ३७.

खासगी तपासनीस इर्मा कोवाचिकनं साखरेची वाटी हलकेच दूर सारली आणि काळी कॉफी उचलली. तिचा सोबती, निवृत्त पोलीस रसेल, यानं वाटी लगेच ओढली. "ईस्टरपर्यंत तुझ्या वाटणीचीही माझीच!"

तक्रार सरळ होती. क्लेमची पेढी गिऱ्हाइकांसाठी सोयाबीनचे वायदे घेई. मोठी खरेदी सुरू झाली, की वरच्या मजल्यावरचा ऑगी टिमन्स मध्येच माल उचलायचा आणि भाव चढायचा. ऑर्डर डीलियाच टाकत असे. उद्या संध्याकाळी क्लेम तिच्याविरुद्ध लेखी तक्रार देणार होता. मग तिचा परवाना गेलाच, आणि या धंद्यात पुन्हा दार उघडत नाही.

"बाई, मी त्या ऑगीशी लिफ्टमध्येसुद्धा बोलत नाही," डीलिया डोळे पुसत म्हणाली. "साहेब सांगतात तेवढंच करते. मोठी ऑर्डर लपवायची, थोडीच दाखवायची. तेवढी संपली, की यंत्र आपोआप पुन्हा तेवढीच मांडतं."

"थोडी म्हणजे किती?"

"सदतीस लॉट. नेहमीचेच."

वर ऑगी माशाचं सँडविच खात होता. नजर संगणकाच्या पडद्यावरून हलेना.

"फितुरी? क्लेमला म्हणावं, पैसे देऊन माणूस कशाला फोडू? मला डोळे आहेत."

"त्यांनी काय बघता?" इर्मानं विचारलं.

"रांग. किती उभे आहेत आणि त्यातले खरे किती."

"ते कसं ओळखता?"

"वा! ते फुकटात सांगू होय?"

जिन्यात रसेल कुजबुजला, "हाच चोर. चेहराच सांगतोय."

"चेहरा नको बघूस, रसेल. तो काय बघतो ते बघ."

तिनं खाली जाऊन क्लेमच्या कानात काही सांगितलं आणि डीलियाला दुसऱ्या दिवशी घरीच थांबायला लावलं.

त्या दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाल्यावर तिनं डीलियाला बोलावून घेतलं. ऑगीही कुतूहलानं खाली आला.

"सकाळी क्लेमनी स्वतः ऑर्डर टाकली," इर्मा म्हणाली. "कुणाला न सांगता. तरी ऑगींनी माल उचललाच."

"म्हणजे फितूर मी?" क्लेम उसळला.

"तुम्ही नाही. तुमचा शर्ट." तिनं भिंतीकडे बोट दाखवलं. "पडद्यावर दोन गोष्टी दिसतात, रसेल. एका भावाला किती माल घ्यायला लोक उभे आहेत, ती डेप्थ. आणि त्या भावाला खरोखर किती सौदे झाले, तो व्हॉल्यूम. विकणारे शेकडो लॉट ओतत होते, व्हॉल्यूम फुगत होता, पण रांगेत उभे सदतीसच. हौदातून बादल्यांवर बादल्या उपसाव्यात आणि पाणी तसूभर उतरू नये, तर खाली झरा आहे हे कळायला फितूर कशाला हवा?"

"आणि झरा कुणाचा?" रसेलनं विचारलं.

"दरवेळी सदतीस पाझरणारा झरा या शहरात एकाचाच. म्हणून दुपारी मी दरवेळी निराळा आकडा दाखवायला लावला. ऑगी, दुपारी काय दिसलं?"

ऑगी गोंधळला. "दुपारी? दुपारी क्लेम बाजारात होता?"

मग इर्मानं ऑगीसमोर मान लववली. "पण काय नजर आहे तुमची!"

"पूर्वी समोरासमोर ओरडून सौदे व्हायचे, त्या पिटात चेहरे वाचायचो," ऑगी संकोचून म्हणाला. "आता चेहरे नाहीत. म्हणून रांगा वाचतो."

क्लेमनं लेखी तक्रार फाडली. "त्या आकड्यावर चषक जिंकलो होतो गं," तो डीलियाला म्हणाला. "माफ कर. उद्यापासून आकडा तूच ठरव."

"शर्टही झाका, साहेब," ती म्हणाली, आणि कालपासून पहिल्यांदा हसली.

रस्त्यावर येताच रसेल कुरकुरला, "नुसत्या सवयीवरून माणूस ओळखायचा? मला नाही पटत."

"काल मी वाटी सारली आणि तू 'ईस्टरपर्यंत' म्हणालास. ईस्टरआधीच्या उपवासासाठी मी साखर सोडलीय, हे तुला कुणी सांगितलं?"