मंगलीच्या मोहाचे ठोके

मंगलीचं हृदय मध्येच ठोका चुकवायचं. मुलचेऱ्याकडच्या आरोग्य शिबिरात ते कळलं, तेव्हा नर्स स्वातीने तिच्या मनगटावर ठोके मोजणारा रबरी पट्टा बांधला. मंगलीच्या मोबाइलवरून आकडे स्वातीच्या टॅबवर यायचे. रानात मोहाची फुलं पडायला लागली आणि आकडे असे सुधारले, की डॉक्टरांनी गोळी बंद करायचं ठरवलं. स्वातीला आनंद झाला, पण खटकलंही. पहाटेपासून वाकून फुलं वेचणारी बाई, आणि हृदय मात्र खाटेवर निजल्यासारखं! आकडे खोटे असले तर गोळी बंद होऊन मंगली हकनाक जायची.

एका सकाळी स्वातीने गाडी बांधावर लावली आणि थेट मंगलीचा मोह गाठला. मंगली फुलं वेचत होती आणि पट्टा खालच्या फांदीला बांधलेला होता. स्वातीने कपाळावर हात मारला.

"मंगलीबाई, हे काय?"

"फुलाचा चीक लागते ना त्याले. खराब होईन म्हनून इथी ठेवतो."

पट्ट्यावर बहात्तर दिसत होते. ऊन-सावलीने पट्टा फसतो, हे स्वातीला प्रशिक्षणात शिकवलं होतं. तिने तो सोडून शेजारच्या तेंदूला बांधला. आकडा गेला. पळसाला बांधला. काही नाही. परत मोहाला बांधला. बहात्तर.

तिला आता निघवेना.

"याच झाडाला का हो?"

"काय मालूम? मी याच्याच खाली जन्मली. माय फुलं वेचून राह्यली होती."

स्वातीने तिचा हात धरून नाडी पाहिली. दोन ठोके, मग खाडा, मग एक. म्हणजे दुखणं होतं तिथेच होतं. डॉक्टरांना लगेच फोन करायला हवा होता. तेवढ्यात तिचं लक्ष आवाजाकडे गेलं. झाडून काढलेल्या जमिनीवर फुलं पडत होती. टप, टप. मग काहीच नाही. मग टप.

बोटांखाली ठोका पडला की फूल पडायचं. ठोका चुकला की फूलही नाही. वारा अजिबात नव्हता.

"जरा बोलू नका."

"मी कुठी बोलून राह्यली?"

टप.

टप.

पुढचं फूल पडलंच नाही.

स्वातीने बोटं सरकवली, दाबली. नाडी लागेना. तिने घाबरून वर पाहिलं. मंगली तिच्याकडेच बघून हसत होती. ओठावर घाम होता, हात कोमट होता.

"झालं का बाई? चाला, च्या घेऊ."

पट्ट्यावर बहात्तर होते. तो मंगलीच्या मनगटावर चढवावा म्हणून स्वातीने बक्कल धरलं.

मंगलीने तिचा हात धरला. "राहू द्या बाई. मघाशी तुमी झाडाचा काढला, तं मले काईच दिसत नोतं."

स्वातीने पट्टा फांदीवर आणखी एक भोक घट्ट केला.