अर्धी दाढी

आरमाराच्या इस्पितळात मी दाढ्या करायचो. लढाई सुरू झाली आणि बाजारातलं माझं दुकान थंडावलं. गिऱ्हाइकं सगळी जहाजांवर गेली, मग मीही वस्तऱ्याची पेटी उचलून त्यांच्या मागे गेलो. लांबलचक वॉर्ड, दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, समुद्राकडे उंच खिडक्या. वास मात्र एकच. फिनेल, पू आणि जळणाचं काळं तेल. जहाज फुटलं की ते तेल पाण्यावर पसरतं, पोरं त्यातच पोहतात, तेच गिळतात, आणि मग कितीतरी दिवस थुंकीतून, कानांतून, नखांतून ते बाहेर येत राहतं. घरी जेवायला बसलो तरी हाताला तोच वास. बायको वाढायची आणि मला घास उतरायचा नाही.

पण खरी शिसारी यायची ती शुक्रवारी. शुक्रवार पदकांचा. खलाशांच्या कल्याण खात्याचा साहेब यायचा, अंगाला अत्तर फासून. पोरांनी त्याचं नावच अत्तरसाहेब ठेवलं होतं. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर पदकं आणि बिस्किटांचे पत्र्याचे डबे, डब्यांवर हसऱ्या खलाशाचं चित्र. पदक छातीला लागलं, डबा हातात आला, फोटो निघाला, की माणूस खणखणीत बरा झाला असं समजायचे. त्याच दुपारी लॉरीत घालून जहाजाकडे रवाना. खोकत असो नाहीतर तापानं फणफणत असो. उंदराच्या पिंजऱ्यातला पावाचा तुकडा परवडला, तो निदान भाषण तरी करत नाही.

फोटोसाठी तोंडं गुळगुळीत हवीत, म्हणून सकाळपासून माझा हात चालायचा. मी खिडकीजवळच्या कोपऱ्यातल्या खाटेपासून सुरुवात करायचो, कारण तेव्हा पाणी कढत असायचं आणि त्या खाटेवर तेलानं सर्वांत माखलेला माणूस असायचा. दर शुक्रवारी नवा. करड्या ब्लँकेटात गुंडाळलेला, उशी ओलीचिंब, कपाळापासून गळ्यापर्यंत काळा. तोंड ओळखूच येऊ नये. कितीही पुसा, ते तेल निघायचं नाही. साबणाचा पांढरा फेस लावला की तिथल्या तिथे काळा व्हायचा. गालाला हात लावला की बोटं गार पडायची, आणि कातडी लिबलिबीत लागायची. माणूस गप्प पडून असायचा. वाटायचं, रात्री आणून टाकला असेल बिचारा, बोलायची ताकद नसेल.

एकदा त्या खाटेवरच्याच्या मिशीची डावी बाजू उजवीपेक्षा आखूड होती. मला हसू आलं. तासाभरानं एक तोफवाला मिशी कोरून घ्यायला बसला, शिंकला, आणि माझ्या कात्रीनं त्याची डावी बाजू आखूड झाली. "काका, बायको घरात घेणार नाही आता!" म्हणून तो खदखदा हसला. पदक लावून गेला. त्याचं जहाज पुढच्याच खेपेला बुडालं. तेव्हाही माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही.

सिस्टरला मी एकदा विचारलंही, "तो कोपऱ्यातला कुठे हलवला हो?"

"कुठला कोपऱ्यातला? त्या खाटेला गादीसुद्धा नाही काका. तुम्ही जरा जेवत जा वेळेवर."

थट्टा करते असं वाटलं. तिला तरी कुठे उसंत होती. माझ्या डोक्याला तेव्हा दुसराच घोर लागला होता. माझा मुलगा त्याच वॉर्डात येऊन पडला होता.

एकुलता एक. त्याच्या जहाजाची बोटावर मोजण्याइतकी माणसं वाचली, त्यातला तो. आईवर गेलेला, दाढीचे केस तांब्यासारखे लाल. लहानपणी मी त्याला चिडवायचो, तुला गंज चढलाय रे. आता त्याच्या छातीतून हुक्क्यासारखी गुडगुड ऐकू यायची आणि खोकला की कपात काळं पडायचं. तो कप मी स्वतः धुवायचो. आणि गुरुवारी संध्याकाळी सिस्टर खाली मान घालून म्हणाली, "उद्या त्याला पदक आहे काका."

मी सरळ डॉक्टरकडे गेलो. "साहेब, पोराच्या फुप्फुसात अजून तेल आहे."

"समुद्राची हवा लागली की निघून जाईल," डॉक्टर म्हणाला. त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं मला.

मग डोकं चालवलं. मागे एकाच्या गालावर भलंमोठं गळू आलं होतं. अत्तरसाहेबानं नाक मुरडून त्याला वगळलं, आणि तो पठ्ठ्या अजून वॉर्डात पत्ते कुटत होता. फोटोला तोंड शोभलं नाही की पदक टळतं, पदक टळलं की लॉरी टळते. पूर्ण दाढी ठेवून उपयोग नव्हता, आरमारात दाढी उलट रुबाबदार दिसते. पण अर्धी? अर्ध्या दाढीच्या माणसाला कोण पुढे करेल?

माझ्या हातून ते होणं सोपं नव्हतं. आमच्या धंद्यात ज्यानं दाढीला वस्तरा लावला त्यानंच ती पुरी करायची. दुसऱ्याची अर्धी सोडलेली दाढी हातात घ्यायची नाही, आणि आपली अर्धी सोडायची नाही. माझ्या वडिलांनी हे मला कान उपटून शिकवलं होतं. म्हटलं, जाऊ दे, पोराच्या जिवापुढे कसले नियम.

शुक्रवारी सकाळी सवयीनं कोपऱ्यातल्या खाटेकडे गेलो. ओला, काळा, गप्प. फेस लावायला म्हणून हनुवटी वर केली आणि थबकलो. उजवा गाल आधीच गुळगुळीत होता. डावीकडे खुंट तसेच. ओठाखाली, जिथे वस्तरा थांबला होता, तिथे एक चीर. रक्त नव्हतं. पाण्यात फार वेळ भिजल्यासारखी पांढरी, फुगलेली चीर.

"कुठल्या खाटकानं हात लावला रे तुला?" मी म्हणालो. "ज्यानं सुरू केली त्यालाच बोलाव. मी नाही पुरी करायचा."

पेटी उचलली आणि पुढच्या खाटेकडे गेलो.

मुलाला मी मुद्दाम शेवटी घेतला. उजवा गाल केला, अगदी मनापासून, लहानपणी अंघोळ घालायचो तसा. मग वस्तरा पुसायला लागलो.

"बाबा, डावा राहिला."

"हात भरून आलाय माझा. गप बस."

तो मला चांगला ओळखत होता. डोळे मिटून नुसता हसला. "आई काय म्हणेल? अर्धाच गंज काढला?"

"तू घरी ये, मग काय म्हणायचं ते म्हणू दे तिला."

तेवढ्यात मागून अत्तराचा भपकारा आला आणि खांद्यावर थाप पडली. "आटपा की राव! फोटोवाला खोळंबलाय!"

मी दचकलो. हातातला वस्तरा निसटता लागला. मुलाच्या ओठाखाली लाल रेघ उमटली.

मी तुरटी लावली. अत्तरसाहेबानं वाकून बघितलं, नाकाला रुमाल लावला आणि फोटोवाल्याला विचारलं, "काय करायचं याचं?"

"उजवीकडून घेतो साहेब. डावं दिसणारच नाही."

झालं. एवढी माझी अक्कलहुशारी. पदक लावलं, डबा हातात दिला. मुलाला खोकला आला, तो त्यानं फोटो निघेपर्यंत दाबून धरला. टाळ्या वाजल्या. साहेब स्वतःच्याच डब्यातलं एक बिस्किट चावत होता, मिशीला चुरा लागलेला. मी मोरीकडे धावलो.

तोंड धुऊन मान वर केली. समोर आरशाचा तुकडा होता. माझ्याच ओठाखाली पाण्याचा थेंब लोंबत होता.

आणि मला ती पांढरी चीर आठवली.

उजवा गाल गुळगुळीत. डाव्याला खुंट. ओठाखाली चीर.

मी वाटी आणि वस्तरा घेऊन धावत सुटलो. चेहरा बदलायला हवा. डावा गाल केला की तो चेहरा राहणार नाही, एवढंच डोक्यात. लॉरी फाटकाशी घरघरत होती. मुलगा मागच्या फळीला टेकून बसला होता.

"खाली ये! अर्ध्या मिनिटाचं काम आहे!"

"बाबा, हसं करू नका हो माझं," तो ओशाळून म्हणाला. "आल्यावर करा. राहू दे उधार."

लॉरी हलली. मी फळी धरली, पळालो, हात सुटला. वळणावर त्यानं हात हलवला तेव्हा डावा गाल माझ्याकडे होता.

मी वॉर्डात परत आलो. जेवणाची वेळ होती, भांड्यांचा आवाज चालला होता.

कोपऱ्यातल्या खाटेवर तो होता.

मी स्टूल ओढलं. पाणी निवलं होतं, तरी फेस केला. डाव्या गालाला लावला. या वेळी तो काळा झाला नाही. वस्तरा अलगद फिरला. कानापासून हनुवटीपर्यंत, मग गळ्याखाली. चिरेला जपून. माझीच अर्धी राहिली होती, मी पुरी केली. टॉवेलानं तोंड पुसलं.

आजवर कधी निघालं नव्हतं ते तेल निघालं.

मी बराच वेळ बघत बसलो.

"काका?" सिस्टर मागे उभी होती, हातात जेवणाचं ताट. "रिकाम्या खाटेशी काय करताय?"

मी टॉवेलाची घडी घालायला लागलो. तो ओला होता, खारट वास येत होता. सिस्टरनं वाटी उचलायला हात पुढे केला आणि तशीच थांबली.

"हे केस कुणाचे?" तिनं हळूच विचारलं. "लाल आहेत."