इंजिन काढल्यावर

जॉय साळवेला नगरचा राग येत नसे, कीव येई. पुण्यातली नोकरी सुटल्यावर तो कल्याण रोडवरच्या घरी येऊन राहिला, तेव्हा आईला त्यानं सांगितलं की सध्या कंपनीनंच घरून काम करायला सांगितलंय. हन्नाबाईंनी मान डोलावली. त्यांना खरं कळलं होतं हे त्यालाही कळलं होतं, पण दोघांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

पप्पा गेल्यापासून त्यांची गाडी अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. मारुती आठशे, अगदी पहिल्या पहिल्या गाड्यांपैकी, फिक्या पिस्ता रंगाची. सत्यवान साळवे सरांनी ती उभ्या जन्मात चाळीसच्या वर पळवली नाही. सीटवरचं कारखान्यातलं प्लॅस्टिक त्यांनी कधी काढलं नाही, डिकीत डांबरगोळ्या ठेवल्या, आणि हॉर्न वाजवावा लागलाच तर समोरच्याकडे बघून ओशाळं हसले. जॉयला लहानपणी मागच्या सीटवर त्या प्लॅस्टिकला मांड्या चिकटायच्या ते आठवलं की अजून चीड येई. माणसानं भित्रं असावं, पण किती?

आता मात्र त्याच गाडीवर त्याचं सगळं अडलं होतं. कॉलेजातला मित्र सैफ पुण्यात वर्कशॉप काढत होता. जुन्या गाड्या बाहेरून होत्या तशा करायच्या आणि आत आजचं इंजिन बसवायचं. जॉयनं पहिली गाडी नीट उभी केली तर तो भागीदार. नाहीतर सैफनं कोइमतूरचा एकजण बघून ठेवला होता, आणि तसं त्यानं स्पष्ट सांगितलंही होतं.

जॉयचा बेत पक्का होता. तीन सिलिंडरचं जुनं इंजिन काढायचं. अपघातात चेपलेल्या एका नव्या गाडीचं चार सिलिंडरचं इंजिन त्यानं मिळवलं होतं, ते आडवं बसवायचं. रेडिएटर पुढं सरकवायचा, वायरिंग नवं, कॉम्प्युटर ग्लोव्हबॉक्सच्या मागं. कागदावर सगळं बसत होतं.

इंजिन उतरवायला झेंडीगेटचे गनीभाई चेनपुली घेऊन आले. पप्पांची गाडी तेच बघायचे. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि बाजूला झाले.

"जॉयबाबा, एकदा म्हना."

"काय म्हणू?"

"सर, उतरा म्हनायचं. मालक गेला की त्याच्या गाडीला हात लावायच्या आधी घरचं मानूस म्हनतं. आमच्याकडं समदेच करत्यात. मंग आमी काम धरतो."

जॉय हसला. "गनीभाई, मी इंजिनिअर आहे. तुमच्या गॅरेजात सगळ्या गाड्यांत भुतं बसवून ठेवलीत का? म्हणूनच त्या वेळेवर मिळत नाहीत."

"भूत न्हाई वो. रीत हाय."

"दार लावा. रीत संपली."

गनीभाईंनी आईकडे बघितलं. त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. दार लावलं गेलं.

दुपारपर्यंत गिअरबॉक्ससकट इंजिन चेनपुलीला लोंबकळत बाहेर आलं. साखळी करकरत होती, गनीभाईंच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. इंजिन फळीवर ठेवलं आणि दोघं मागं सरून उभे राहिले.

इंजिन निघालं की गाडीचं नाक वर येतं. स्प्रिंगांवरचं ओझं जातं, पुढचा भाग मान ताठ केल्यासारखा उचलला जातो. या गाडीचं नाक होतं तिथंच राहिलं.

"स्प्रिंगा गंजल्यात," जॉय म्हणाला. "चाळीसनं चालवली की असंच होणार. कधी दाबल्याच नाहीत."

गनीभाईंनी बॉनेटच्या पोकळीत हात घालून बघितला. तिथं तेलाचा वास आणि उजेड होता, बाकी काही नव्हतं.

"लई गप बसलीय," ते म्हणाले.

जॉयनं नव्या स्प्रिंगा मागवल्या, नवे शॉकअप मागवले. जुन्या काढल्या तर त्या चांगल्या निघाल्या, हातात उसळत होत्या. नव्या बसवून गाडी जॅकवरून खाली घेतली. ती हळूहळू खाली आली आणि पहिल्याच उंचीवर थांबली. जॉयनं गनीभाईंना फिटिंग येत नाही म्हणून सुनावलं, मग स्वतः उघडून पुन्हा बसवलं. उंची तीच.

त्या आठवड्यात घरात एक बारीकशी गोष्ट होऊ लागली. जॉय स्वयंपाकघरात गेला की आई दचकायच्या.

"कधी आलास? पायच वाजत नाही तुझा."

"चपला नाहीत पायात."

"चपला असतानाही वाजत नाही," त्या म्हणाल्या आणि भाकरी उलटली. जॉयला वाटलं, आईचे कान गेले. म्हातारपणी माणसं आपला दोष दुसऱ्यावर ढकलतात.

शनिवारी सैफ आला. गाडी बघून त्यानं भुवया वर केल्या.

"इंजिन नाही आणि नाक खाली? कुठं तरी मोजमाप चुकतंय, जॉय. आधी वजन कळू दे. त्याशिवाय नवीन इंजिनाची माउंटिंग कशी ठरवणार? खरं सांगू, तुझ्या एकट्याच्यानं होईल का हे?"

तो शेवटचा प्रश्न जॉयला झोंबला. पप्पाही असंच विचारायचे, असल्याच हळू आवाजात.

नेप्तीकडं कांद्याचे ट्रक मोजायचा वजनकाटा आहे. गनीभाईंनी टेम्पोला दोर बांधला. सैफ त्यांच्या शेजारी बसला, जॉय मागं ओढल्या जाणाऱ्या मारुतीत, स्टिअरिंगवर. काट्याजवळ कांद्याची टरफलं उडत होती. टेम्पो सोडवला, गाडी हातानं ढकलून पट्ट्यावर घेतली. काटेवाल्यानं खिडकीतून आकडा सांगितला.

सैफनं गाडीच्या कागदावरचं वजन बघितलं. दोन्ही आकडे जुळत होते.

"बरोबर आहे की," जॉय आतूनच म्हणाला. त्याला एकदम मोकळं वाटलं. "इंजिन गेलं, मी बसलोय. तेवढ्यास तेवढं. उगाच घाबरवता."

"मग उतर," सैफ म्हणाला. "नुसती गाडी घेऊ."

जॉय उतरला, पट्ट्यावरून खाली आला.

काटेवाला पडद्यावर बोट आपटत होता.

"सांगा की हो," जॉय म्हणाला.

"आतला मानूस उतरवा आधी."

"उतरलो. हा काय समोर उभा आहे."

काटेवाल्यानं त्याच्याकडं बघितलं, मग पडद्याकडं. "आकडा त्योच हाय."

"काटा गंजलाय तुमचा. रोज शेतकऱ्यांना असेच फसवता का?"

काटेवाला चिडला नाही. त्यानं खिडकी ओढून घेतली.

सैफनं काही विचारलं नाही. तो टेम्पोत जाऊन बसला. हे त्याचं न विचारणं जॉयला जास्त लागलं. भागीदारी हातची चालली होती, आणि तीही या डबड्यापायी. त्यानं दार आपटलं. दोर ताणला, गाडी निघाली.

परतीच्या उताराला टेम्पोनं वेग घेतला. समोर म्हशी आडव्या आल्या.

गनीभाईंनी ब्रेक दाबला. टेम्पोचं मागचं फाळकं झपाट्यानं जवळ आलं.

जॉयनं पाय ब्रेकवर मारला.

पेडल हललं नाही. दगडावर पाय ठेवावा तसं. त्यानं दोन्ही पायांनी रेटलं, स्टिअरिंगला धरून अंग मागं ताणलं. पेडलवर त्याचा काही भारच पडत नव्हता.

मग पेडल खाली गेलं. जॉयचे पाय पेडलच्या मागोमाग गेले, पायरी निसटल्यासारखे.

गाडी थांबली. धक्का नाही, चाकांचा आवाज नाही.

सैफ धावत मागं आला. बंपर आणि टेम्पो यांच्यामध्ये जेमतेम हाताचा पंजा मावत होता. त्यानं तो घालून बघितला आणि सुस्कारा सोडला.

"मानलं यार. इंजिन नाही, दोरावर गाडी, आणि असा ब्रेक? मी असतो तर ठोकली असती." तो खिडकीपाशी वाकला. "कोइमतूरवाल्याला नको म्हणून सांगतो. आपण दोघं करू. पण चालवायची तूच. दाखवायला नेऊ तेव्हाही तूच."

"हो," जॉय म्हणाला.

म्हशी गेल्या. गनीभाई टेम्पोतून आरशात बघत होते. सैफ जाऊन बसला.

जॉयनं मांड्या वर घेतल्या, दोन्ही पाय सीटच्या प्लॅस्टिकवर ओढून घेतले आणि खाली बघितलं. पेडल तरीही दाबलेलंच होतं.

टेम्पोचा दोर ताणला जाऊ लागला, तसं ब्रेकचं पेडल सावकाश, पुरेसं अंतर पडेपर्यंत थांबून, वर आलं.