आठवा कागद

चांदीचे कण मोजणाऱ्या रजतगणक यंत्राची स्पर्शशलाका सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कागदाला टेकली, तेव्हा डॉ. वृंदा तेंडोलकर यांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. परवानगी एकेचाळीस दिवस उशिरा आली होती, आणि आनंदालाही मुदत असते.

"मुजावर, तो लाल दिवासुद्धा बंद करा."

"केव्हाच केलाय, मॅडम. तुम्हाला अजून लाल दिसत असेल तर तो राग आहे."

इक्बाल मुजावर हे कोल्हापूरच्या प्रकाशलेख संस्थेचे यंत्रकार. बिघडलेल्या यंत्राशी आणि संचालकांशी बोलताना ते एकच चेहरा ठेवत, त्यामुळे त्यांचं मत कुणाला कळत नसे. दोघं चाचपडत अंधारखोलीबाहेर आली. आत केसाच्या हजाराव्या भागाइतकं बारीक टोक, आंधळ्याचं बोट फिरावं तसं, एका पिवळट कागदावर ओळीओळीने फिरू लागलं. काम सात तासांचं होतं. चार वाजता कळणार होतं, सदाशिव नाबराने कोणाला बसवलं होतं ते.

हा नाबर दोनशे वर्षांपूर्वी वेंगुर्ल्याच्या दवाखान्यात मलमपट्टीचं काम करी. जखम डागायला चांदीचा एक क्षार वापरत. तो सांडला की कपडा उन्हात काळा पडतो, हे त्याच्या लक्षात आलं. आणखी शेकडो लोकांच्या लक्षात आलं असेल, पण त्यांनी कपडे बदलले. नाबराने कागद आणला. तो मिठाच्या पाण्यात बुडवला, वाळवला, वर चांदीचा क्षार फासला, भिंग लावलेल्या लाकडी पेटीत बसवला आणि पेटी शिरोड्याच्या आपल्या अंगणात नेऊन ठेवली. इंग्लंडात एक जमीनदार हेच करत होता, त्याच साली. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

नाबराच्या वंशजांकडे एक तांब्याची नळी निघाली. तोंड लाखेने बंद, आणि बाहेर गुंडाळलेली मोडी चिठ्ठी. चिठ्ठी वृंदाला पाठ होती:

'चित्र पाहिले की जाते. सात कागद केले, साती पाहिले, साती काळे झाले. हा आठवा अंधारात काढून अंधारात घातला आहे. मीही पाहिलेला नाही. उजेडात उघडू नये. घरातील माणूस तीन दिवस उन्हात न हलता बसले. कोणास बसविले ते लिहीत नाही. चित्रच सांगेल. शके १७५६, फाल्गुन.'

बायको? आई? भाऊ? की दवाखान्यातला कुणी बरा झालेला रोगी, जो घरचाच होऊन राहिला? अकरा वर्षं वृंदा या एका वाक्यावर जगत होती. बाकी साऱ्या जगाला चित्र कधीचं आहे यात रस होता. तिला चित्रात कोण आहे ते हवं होतं. तीन दिवस फाल्गुनातलं कोकणातलं ऊन अंगावर घेऊन जो हलला नाही, त्याचं नाव कुठेच नसावं, हे तिला सहन होत नव्हतं.

अंधारात वाचणारं यंत्र बनवायला तिला नऊ वर्षं लागली. यंत्र तयार झालं आणि मग समिती आली.

"चित्र आहे हे कशावरून?" संचालक डॉ. मुकुंद हसबनीस यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं होतं. "पाहिलंय कुणी?"

"कुणीच नाही, सर. म्हणून तर ते आहे."

हसबनीसांना असली वाक्यं आवडत नसत. त्यांना आवडत ती वाक्यं ते स्वतः बोलत. "नीट समजावून सांगा. समितीत सगळेच तुमच्या विषयातले नाहीत."

तिच्या विषयातलं समितीत कुणीच नव्हतं. तिने समजावून सांगितलं. "क्षार लावलेल्या कागदावर उजेड पडला की क्षारातून चांदीचे बारीक कण सुटतात. जिथे उजेड जास्त तिथे कण जास्त, तिथे कागद काळा. हे झालं चित्र धरणं. पण जिथे उजेड पडला नाही तिथला क्षार तसाच जागा राहतो. चित्र बघायला कागद उजेडात आणलात की तोही काळा पडायला लागतो. तो उरलेला क्षार काढून टाकणं किंवा निजवणं, म्हणजे चित्र थांबवणं. नाबराला धरता आलं, थांबवता आलं नाही."

"निजवायला काय लागतं?" हे विचारलं प्रभुण्यांनी. रसायनाचे निवृत्त प्राध्यापक, समितीतले एकमेव गृहस्थ ज्यांना उत्तर ऐकण्यासाठी प्रश्न विचारायची सवय होती.

"मिठाचं कडक पाणीसुद्धा बऱ्यापैकी चालतं."

"मग शिरोड्यात मीठ नव्हतं?"

"घरामागे मिठागर होतं, सर. फिकं मीठपाणी त्याने कागदाला आधी लावलं. कडक करून नंतर लावायचं त्याला सुचलं नाही."

मग प्रभुण्यांनी पुढचा प्रश्न टाकला, आणि तोच खरा होता. "तुमचं यंत्र जुने कण आणि नवे कण वेगळे ओळखतं?"

"नाही. चांदीच्या कणावर तारीख नसते. नाबराच्या अंगणातल्या उजेडाने सुटलेला कण आणि या दिव्याने सुटलेला कण यंत्राला सारखाच. ते फक्त मोजतं. म्हणून नवा उजेड लागू नये. नळीतून काढायचा तो थेट यंत्राखाली."

"तसं नाही करता येणार," हसबनीस म्हणाले. "नियम चौदा."

नियम चौदा असा, की कोणत्याही वस्तूला यंत्र लावण्याआधी समितीच्या प्रत्येक सदस्याने ती प्रत्यक्ष पाहिलेली असावी. पूर्वी एका संशोधकाने एका बंद हंड्याचा तीन वर्षं अभ्यास केला होता आणि हंडा रिकामा निघाला होता. तेव्हापासून संस्था डोळ्यांशिवाय कशावर विश्वास ठेवत नसे.

"सर, पाहिलं की जातं, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय."

"त्याला नियम लागू नव्हते, मॅडम. आपल्याला आहेत."

तीन बैठका याच वाक्यावर गेल्या. चौथ्या बैठकीत तडजोड निघाली: दर्शनपेटी. आतून काळी लाकडी पेटी, मागच्या फळीला कागद, पुढच्या फळीला भोक. एकेका सदस्याने भोकाला डोळा लावायचा. हसबनीसांना भोक रुपयाएवढं हवं होतं. वृंदा म्हणाली, वाटाण्याएवढं. मग हिशेब करून म्हणाली, तिळाएवढं. दोन तास ती भांडली, कागदावर उजेडाची गणितं मांडली, टेबलावर हात आपटला, आणि शेवटी तिळावर सही झाली. संस्थेत बारा वर्षांत तिने जिंकलेला हा एकमेव वाद. मुजावरांनी पातळ पितळी पत्र्यात गोल, स्वच्छ, तिळाएवढं भोक पाडून दिलं. भोकावर झडप होती. तिसऱ्याच दिवशी ती समितीच्या अध्यक्षांच्या नाकावर आपटली, म्हणून वर चिकटपट्टीने बांधून टाकण्यात आली. वृंदाने तक्रार केली. तक्रारीला आवक क्रमांक मिळाला.

पेटी पहिल्या मजल्यावरच्या मोठ्या दालनात ठेवली होती, पूर्वेच्या खिडक्यांसमोर. समितीत नऊ जण होते. पण नऊ जणांना एक वस्तू पाहायला मिळते आणि बाकीच्यांना नाही, असं आपल्याकडे फार दिवस चालत नाही. सदस्यांच्या घरची मंडळी आली. मग इतर खात्यांचे प्रमुख, मग त्यांच्या घरची. कुणी चपला काढून येई, कुणी पाहून झाल्यावर हात जोडी. एका आजींनी पेटीला हळदकुंकू लावलं. प्रत्येकाने नोंदवहीत सही केली आणि शेरा लिहिला. 'अद्भुत.' 'पूर्वजांपुढे नतमस्तक.' 'चेहऱ्यावरचे भाव विशेष.'

आता, काळ्या पेटीत तिळाएवढ्या भोकाला डोळा लावला की भोक बुजतं आणि आत ठार अंधार होतो. कुणालाही काहीही दिसणं शक्य नव्हतं. नोंदवहीत एकशे अठरा शेरे झाले. त्यांपैकी फक्त एक प्रभुण्यांचा होता: 'काही दिसले नाही.' हसबनीसांनी त्यांना बोलावून घेऊन 'तूर्त' हा शब्द त्यापुढे घालायला लावला.

नियमाप्रमाणे पेटी उघडी असेपर्यंत वस्तूच्या जबाबदार व्यक्तीने तिच्यावर नजर ठेवून बसणं भाग होतं. म्हणून वृंदा दहा ते पाच पेटीसमोर, पंधरा फुटांवर, खिडकीशेजारच्या खुर्चीत बसे. मांडीवर परवानगीची फाईल. पहिल्या आठवड्यात ती उठून येणाऱ्यांना समजावी. दुसऱ्यात नुसती मान हलवी. तिसऱ्यापासून तिने हलणंच सोडून दिलं. येणारे तिला ओलांडून जात. एकाने तिच्या खुर्चीच्या पाठीला छत्री अडकवली.

रोज पाच वाजता, दालनाच्या खिडक्या बंद झाल्या की ती त्या दिवशी भोकातून किती उजेड आत गेला असेल त्याचा आकडा मांडी. आकडे छोटे होते. कागद थोडा मळेल, सगळीकडे सारखा. तेवढा मळ एकूण मोजणीतून वजा करता येईल. हिशेब चोख होता. दोनदा तपासलेला.

चार वाजायला पाच मिनिटं असताना पडद्यावर चित्र उतरू लागलं. यंत्राने काळ्याचं पांढरं आणि खालचं वर करून घेतलं होतं. हसबनीस वर्तमानपत्रांना द्यायचं निवेदन तयार करून आले होते. प्रभुणे चष्मा पुसत मागे उभे राहिले.

आधी वरची भिंत आली. मग उजेडाचा एक मोठा चौकोन. वृंदाने कल्पना केलेली तुळस, पडवी, माड यातलं काही दिसेना. मग ओळीओळीने खाली उतरत एक आकृती भरू लागली. खुर्ची. खुर्चीत कुणीतरी बसलेलं. चेहरा धूसर, पण खांदे, मान, मांडीवरचे हात स्पष्ट.

"बाई!" हसबनीस ओरडलेच. "बाई आहे! अठराशे पस्तीस सालची बाई, खुर्चीत! आणि मांडीवर पहा, पोथी! वाचणारी बाई, मॅडम! निवेदन बदलावं लागणार!"

वृंदा खिडकीचे गज मोजत होती. सहा होते. उजवीकडून दुसरा वाकलेला होता.

"ती पोथी नाही, सर," ती म्हणाली. "माझी फाईल आहे."

आता सगळ्यांनाच दिसू लागलं. भिंतीवरचं विजेच्या बटणांचं फळकूट. घड्याळ, ज्याला काटे नव्हते, कारण ते फिरत राहिले होते. खुर्चीच्या पाठीला छत्रीची पुसट रेघ.

"म्हणजे पेटी..." प्रभुणे म्हणाले.

"अंधारी पेटी," वृंदा म्हणाली. तिचा आवाज सरळ होता. "एका बाजूला भोक, समोर जागा कागद. भोकाबाहेरचं दृश्य त्यावर उलटं उमटतं. नाबराकडे हेच होतं, भिंगासकट. माझ्या नऊ वर्षांच्या यंत्राला हे वाचायला सात तास लागले, आणि मला ओळखायला एकेचाळीस दिवस. मी आत किती उजेड जाईल ते मोजलं. तो तिथे जाऊन काय करेल ते मोजलं नाही. भोक मोठं असतं तर कागद नुसता मळला असता, सगळीकडे सारखा, आणि तो मळ वजा करता आला असता. लहान केलं तेव्हा चित्र उमटलं. आणि लहान मीच करून घेतलं."

हसबनीसांना वेगळीच शंका होती. "पण मग आमच्यापैकी यात कुणीच कसं नाही? मी स्वतः सतरा वेळा गेलो."

"तुम्ही पाहायला गेलात, सर," मुजावर म्हणाले, तोच चेहरा ठेवून. "पाहणाऱ्याने डोळ्याने भोकच बुजवलं. रांगेतले हलत होते, ते पुसले गेले. एकशे अठरांत एकही उरला नाही."

"आणि या?"

"मॅडम वाट बघत होत्या."

प्रभुण्यांनी मान खाली घातली. वृंदा मुजावरांकडे वळली. "तुम्हाला पेटी बनवताना कळलं होतं?"

"झडप तेवढ्यासाठीच घट्ट बसवली होती, मॅडम. ती बांधून टाकली त्या दिवशी मी तुमच्या तक्रारीखाली माझी तक्रार जोडली. ती अजून तिथेच असेल." त्यांनी तिच्या फाईलकडे बोट दाखवलं. तिने फाईल उघडली नाही.

हसबनीसांनी निवेदनाची घडी घातली. त्यांच्यापुढे आता एकच काम उरलं होतं, ते त्यांनी तिच्यापुढे सरकवलं: वाचन-अहवालाचा छापील तक्ता. रकाने सगळे भरायलाच हवेत. वस्तू. साल. पद्धत. चित्रातील व्यक्ती.

तिने लगेच लेखणी उचलली नाही. पडद्यावरच्या स्वतःच्या आकृतीभोवती चौकट आखून तिने यंत्राला त्यातले कण मोजायला सांगितलं, आणि रोज पाच वाजता मांडलेले एकेचाळीस आकडे बाजूला ठेवले. तिच्या खुर्चीच्या जागी चांदीचे कण हिशेबापेक्षा जास्त होते. शंभरात नऊ. कागदाच्या कडांना तेवढी वाढ नव्हती. मध्यभागीच होती, बसलेल्या माणसाएवढ्या जागेत.

"वेगळे नाही करता येणार?" प्रभुण्यांनी हळूच विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं. पहिल्यांदाच त्यांनी तसा प्रश्न विचारला.

"तारीख नसते, सर."

ते नऊ भाग तिच्या खांद्यात, तिच्या मांडीवर, तिच्या धूसर चेहऱ्यात मिसळले होते. तीन दिवस उन्हात न हललेलं कुणीतरी त्याच जागी बसलं होतं, आणि ती त्याच्यावर एकेचाळीस दिवस बसून होती.

तिने लेखणी उचलली आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: 'वृंदा तेंडोलकर, आणि नाबरांच्या घरातील एक माणूस.'

"नाव लागेल," हसबनीस म्हणाले. "एक माणूस, असं चालत नाही. नियम बावीस."

वृंदाने तक्ता त्यांच्याकडे परत सरकवला, खुर्ची ओढून घेतली आणि त्यांच्यासमोर बसली. फाईल मांडीवर ठेवली, हात फाईलवर ठेवले, आणि मग ती हलली नाही.