कोंबडीखालचं झाकण

पहिली टिकली विहिरीला लावायची की मोटारीच्या खोक्याला, यावरून सकाळीच वाद पेटला.

"विहिरीला," नम्रता म्हणाली. "कठडा कुठाय तिला? सोनू आत पडला तर आई मलाच धरेल."

"मी का पडेन? मला पोहता येतं," सोनू म्हणाला.

"येतं ना. कमरेएवढ्या पाण्यात, ट्यूब घालून, सर शिट्टी वाजवेपर्यंत."

अल्ताफ पोट धरून हसायला लागला. तनयानं मात्र पाकिटातली एक लाल टिकली काढली, विहिरीच्या काठावरच्या दगडाला चिकटवली आणि वाद मिटवून टाकला.

खेळ नम्रताचा होता. तिचे बाबा भोसरीला एका कारखान्यात कामाला होते. तिथे वर्षातून एकदा सगळे कामगार मिळून धोक्याच्या जागा शोधायचे, तिथे लाल खूण लावायचे आणि ती जागा दुरुस्त होईपर्यंत साहेबांना चैन पडू द्यायचे नाहीत. बाबा हे घरी रंगवून सांगायचे. सुट्टीला मांजरी गावी, संपतमामाच्या शेतावर आल्या आल्या नम्रताच्या लक्षात आलं, की इथे लाल खुणांना तोटा पडणार नाही. चारी बाजूंनी उंच इमारती उठल्या होत्या आणि मधे मामाचं शेत तेवढं उरलं होतं. गोठ्यात गाई, घासाचे वाफे, मेथी, कोथिंबीर, आणि जिथे पाहावं तिथे काहीतरी उघडं, लोंबतं नाहीतर धार लावलेलं.

नम्रता आणि तिचा धाकटा भाऊ सोनू बिबवेवाडीहून आलेले, तनया ही मामेबहीण इथलीच, आणि अल्ताफ तनयाच्या वर्गातला, पलीकडच्या गॅरेजवाल्यांचा. चौकडी जमली खरी, पण लाल स्टिकर कुणाकडेच नव्हते. मग मामीनं आपली टिकल्यांची पाकिटं काढून दिली.

"न्या सगळी," ती म्हणाली. "माझं काय अडतंय."

पाकिटं तिनं डाव्या हातानं दिली. उजवा हात पदराखाली होता. तो आता नेहमीच पदराखाली असायचा.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर तो हात कडबाकुट्टीत, म्हणजे गाईंचा चारा बारीक करणाऱ्या यंत्रात गेला होता. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट उरलं. बाकीची तीन गेली. तेव्हापासून घरी जो येईल त्याला मामा एकच वाक्य ऐकवायचा, "लक्ष नव्हतं हिचं." दूध न्यायला येणाऱ्याला, पाहुण्यांना, लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्यांनासुद्धा. मामी डाव्या हातानं चहा पुढे करत ते ऐकून घ्यायची. पाहुणे च् च् करायचे आणि चहा प्यायचे.

आता तर त्या वाक्याला शेपूटही फुटलं होतं. "आखिती झाली की तनया बसंल मशिनीवर," मामानं काल जेवताना सांगून टाकलं होतं. "मला भाजी घिऊन मार्केटला पळावं लागतंय. फकस्त आईवानी इकडंतिकडं बघत बसू नको, म्हंजे झालं."

तनयानं हातातला घास तसाच ताटात ठेवला होता. आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, उद्यावर आली होती.

तर टिकल्या लागत गेल्या. मोटारीच्या खोक्याचं दार निखळलेलं आणि आतल्या तारा उघड्या, तिथे एक. गोठ्याच्या कुडात बरोबर सोनूच्या डोळ्यांच्या उंचीला विळा खोचलेला, तिथे एक. स्वयंपाकघराच्या खिडकीत सरबताच्या बाटलीत तणनाशक ओतून ठेवलेलं. सोनूला तर दिसेल ती बाटली तोंडाला लावायची खोड होती. त्या बाटलीवर नम्रतानं टिकल्यांची रांगच लावली.

"वावराची पार नवरी करून टाकली की रं!" मामा हसत हसत मागून आला. पण हसला तरी त्यानं बाटली उचलून पेटीत कुलपात ठेवली, विळा काढला आणि विहिरीवर एक जुना दरवाजा आडवा टाकला. मामा वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर गोष्ट फार सोपी झाली असती.

मग पोरं कडबाकुट्टीपाशी आली. यंत्र हिरवंगार आणि नवंच होतं, गेल्या गणपतीत घेतलेलं. चारा आत सरकवायला लांबट पन्हळ होती आणि तिच्या टोकाला दातेरी रूळ उघडे दिसत होते. तनया मागेच थांबली. अल्ताफनं पुढे होऊन रुळांच्या शेजारी टिकली लावली.

मामाचं हसू तिथेच मावळलं. हातातलं फावडं टाकून तो आला आणि त्यानं नखानं ती टिकली खरवडून काढली.

"हितं न्हाय लावायची."

"अरे मामा, पण सगळ्यात मोठा धोका तर इथेच आहे ना?" नम्रता म्हणाली.

"मशिनीत काय खोट न्हाय. आली तवापासनं अशीच हाय. लक्ष ठिवलं तर काय हुत न्हाय." एवढं बोलून तो ताडताड निघून गेला.

नम्रताला राग आला होताच, पण त्याहून नवल वाटत होतं. "विहिरीला हसला, विषाला हसला. मग इथेच का चिडला?"

"भोकं बघ," अल्ताफ वाकून म्हणाला. पन्हळीच्या दोन्ही कडांना भोकं होती आणि भोकांभोवती रंग गोल गोल घासला गेला होता. "इथे काहीतरी नट आवळून बसवलेलं होतं. कंपनी काय हौस म्हणून भोकं पाडत नाही."

"झाकण," नम्रता म्हणाली. "हात रुळापर्यंत जाऊ नये म्हणून."

"पण पप्पा म्हणतात आलं तेव्हापासून असंच आहे," तनया हळूच म्हणाली. ती त्या वेळी आजोळी होती, त्यामुळे यंत्र बसवलेलं तिनं पाहिलं नव्हतं, आणि परत आल्यावरही तिकडे कधी निरखून पाहिलं नव्हतं. हात गेल्यावर तर ती त्या बाजूला फिरकतच नव्हती.

झालं, शोध सुरू झाला. ट्रॅक्टरखाली पाहिलं, पत्र्यामागे पाहिलं, भंगाराच्या ढिगात अल्ताफनं हात काळे करून घेतले. काहीच मिळालं नाही. सोनूला तर कंटाळाच आला. तो चाऱ्याच्या खोलीत कोंबडीची अंडी बघायला गेला आणि बोंबलत बाहेर आला.

"चावली!"

"कोंबडी चावत नाही, टोचते," नम्रता म्हणाली.

"मग टोचली. आणि ही कोंबडी कंपनीची आहे. तिच्या खालच्या पत्र्यावर नाव लिहिलंय."

नम्रता आणि अल्ताफनं एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही धावत सुटली.

खोलीच्या कोपऱ्यात, गवताच्या गादीवर, खुडूक कोंबडी पंख फुगवून बसली होती. गवत होतं एका अर्धगोल पत्र्यात, पाळण्यासारखं. पत्रा हिरवा होता. कडेला भोकं होती. यंत्रावर होतं तेच नाव त्याच्याही कडेवर उठवलेलं होतं. तनयानं कोंबडीला हळूच उचलून टोपलीत बसवलं, एक एक अंडं तिच्याखाली सरकवलं, आणि कोंबडीनं त्याबद्दल तिला शिव्याच घातल्या असाव्यात. अल्ताफनं गवत झटकून पत्रा उलटा केला.

पाठीवर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली होती. वरून खाली, एकाशेजारी एक, पाच. जमिनीच्या बाजूला राहिल्यामुळे ती फारशी पुसली नव्हती.

"दसऱ्याला यंत्राची पूजा करतात," तनया म्हणाली. "बोटं आई ओढते. दरवर्षी आईच ओढते."

तिनं आपला उजवा हात त्या बोटांवर नेला आणि टेकवायच्या आधीच मागे घेतला. पाच बोटं. मामीचा हा हात त्यांच्यापैकी प्रत्येकानं पाहिला होता, आणि आता त्याचं काय उरलं होतं तेही पाहिलं होतं.

"मशीन गणपतीत आलं," नम्रता म्हणाली. "म्हणजे त्यानं एकच दसरा पाहिलाय. त्या दिवशी झाकण होतं. आणि मामीचा हात गेला दिवाळीला."

तनया पत्रा उचलून तडक मामाकडे निघाली. अल्ताफनं तिला अडवलं. "आत्ता दाखवलंस तर काका म्हणतील, दुसरीकडचं आहे. आधी त्यांना सगळ्यांसमोर बोलू दे. उद्या सगळे येणारच आहेत ना?"

दुसऱ्या दिवशी बिबवेवाडीहून आई-बाबा आले, भावकीतली मंडळी आली. आंब्याच्या रसाच्या वासानं घर भरून गेलं. पंगतीच्या मधोमध भीमराव, म्हणजे आजोबा बसले होते. मामी डाव्या हातानं कुरडया वाढत होती. एका पाहुण्यानं ते पाहून ठरल्याप्रमाणे च् च् केलं आणि मामानंही ठरल्याप्रमाणे तोंड उघडलं.

"काय करायचं? लक्ष नव्हतं हिचं."

"मामा," नम्रता म्हणाली, "मशीनला कधी झाकण नव्हतंच का रे?"

"न्हवतं."

"गणपतीत आणलंस तेव्हाही?"

"किती बारी सांगू? आली तवापासनं अशीच हाय. रस खा गप."

नम्रतानं दाराकडे पाहिलं. तनया आणि अल्ताफ पोत्यात गुंडाळलेला पत्रा घेऊन आत आले आणि त्यांनी तो पंगतीच्या मधे, आजोबांच्या ताटापुढे ठेवला. पोतं काढलं. त्याच्या कडेचं नाव बघितल्यावर पत्रा कशाचा आहे, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

आजोबांनी चष्मा नीट केला आणि त्या पाच बोटांकडे पाहिलं. "संपत, ही बोटं कुनाची?"

मामानं ताटातली कुरडई मोडली.

"सूनबाईची," आजोबांनीच उत्तर दिलं. "दसऱ्याला माझ्यादेखत वडली. मी म्हातारा, मला आठवलं न्हाई. तुला तर आठवत हुतं न्हवं?"

मामाचा चेहरा उतरला. "ओला घास अडकायचा," तो ताटाकडे बघत म्हणाला. "दर खेपंला नट खोलायचं, घास काढायचा, परत बसवायचं. लई टाइम जायचा. म्हनलं, थोडं दिस काढून ठिवू."

"आणि हात गेल्यावर?" आई म्हणाली. ती त्याची थोरली बहीण. "हात गेल्यावर तरी सांगायचंस. सहा महिने आम्हाला तू काय ऐकवतोयस, संपत?"

"मी तर भंगारवाल्याला दिलं हुतं," मामा पुटपुटला. "घरात कुटनं आलं हे?"

"मी परत घेतलं त्याच्याकडनं," मामी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. "कोंबडीला पाहिजे म्हटलं."

"अगं, मग बोलली का नाहीस?" आईनं विचारलं.

मामीनं तिच्याकडे पाहिलं, मग एकेका पाहुण्याकडे पाहिलं. "मला कुणी विचारलं?"

बाबांनी खाली बघितलं. नम्रताला वाटलं होतं, हा क्षण आला की आपल्याला फार आनंद होईल. तो झाला नाही. दिवाळीनंतर तीही दोनदा इथे येऊन गेली होती. चहा प्यायली होती, मामाचं वाक्य ऐकलं होतं, मनातल्या मनात चिडली होती, आणि मामीला एका शब्दानं विचारलं नव्हतं.

जेवणं कशीबशी उरकली. आजोबा उठले ते हात धुऊन सरळ कडबाकुट्टीपाशी गेले. "पोरगी मशिनीवर बसायची न्हाई," त्यांनी सांगितलं. "मोट्या मान्सानं बसायचं, आन झाकनाबिगर बटन दाबायचं न्हाई." अल्ताफ पळत जाऊन गॅरेजमधून पाने आणि नट घेऊन आला. बाबांनी झाकण धरलं आणि अल्ताफनं एक एक नट आवळला. रूळ दिसेनासे झाले.

मग कौतुक सुरू झालं. आजोबांनी चौघांच्याही पाठीवर हात फिरवला. "जे आमच्या डोळ्याला दिसलं न्हाई ते पोरांनी दावलं," ते म्हणाले. बाबा म्हणाले की कारखान्यात एवढं काम कुणी केलं असतं, तर त्याला मोठ्या सभेत हार घातला असता. भावकीतल्या एका काकांनी तर सोनूला उचलूनच घेतलं, आणि सोनू मिळेल तेवढी शाबासकी खिशात घालत होता. च् च् करणारे पाहुणे सगळ्यात मोठ्यानं शाबास म्हणत होते. नम्रताच्या तोंडात रसाची गोडी होती, तरी तोंड कडू झालं होतं.

एवढ्यात मामा घरातून हळदीकुंकवाचं ताट घेऊन आला. त्यानं ते मामीपुढे धरलं. "झाकन परत बसलं," तो चाचरत म्हणाला. "बोटं वड."

मामीनं ताटाला हात लावला नाही.

"आता तुम्ही ओढा," ती म्हणाली. "तुमची पाच आहेत."

मामा ताट धरून उभाच राहिला. मदतीला कुणी येतंय का म्हणून त्यानं बापाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. कुणी आलं नाही. शेवटी त्यानं उजवा हात कुंकवात बुडवला आणि झाकणावर, तिच्या बोटांच्या शेजारी, आपली बोटं ओढली. रेघा वाकड्या आल्या. त्याचे डोळे भरले होते. ते पाहूनही मामी जागची हलली नाही.

मग ती नम्रताजवळ आली. "एक टिकली दे."

नम्रतानं पाकीट पुढे केलं. मामीनं पदराखालचा हात सगळ्यांसमोर बाहेर काढला, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या चिमटीत एक लाल टिकली धरली आणि मामानं खरवडलेल्या जागेच्या बरोबर वर, झाकणाच्या तोंडाशी ती दाबून बसवली.

"ही कुणी काढायची नाही," ती म्हणाली आणि गाईंना चारा टाकायला गोठ्याकडे गेली. जाताना तिनं हात पुन्हा पदराखाली घेतला नाही.