अकराच्या पुढचा आकडा

अहो, एकोणीसशे साठच्या आसपास पेणमध्ये कुठला आलाय भूलतज्ज्ञ! दत्तात्रेय डॉक्टरांच्या प्रसूतिगृहात भूल द्यायची ती सगुणा नर्सनेच. नाकातोंडावर जाळी धरायची, वरच्या कापडावर ईथरचे थेंब सोडायचे आणि बाईला आकडे मोजायला लावायचे. आकडे थांबले की सगुणा म्हणणार, "झोपली." मग डॉक्टर सुरी उचलणार. ईथरजवळ दिव्याची ज्योत चालत नाही, म्हणून सगळं भर दुपारी, खिडकीच्या उजेडात.

आज मात्र टेबलावर सगुणा स्वतःच होती. गर्भाची पिशवी काढायची होती. जाळी धरायला रोह्याहून आलेली नवी नर्स, सरू.

"घाबरू नको गो पोरी, मोजते मी," उलट सगुणाच तिला धीर देत होती. पण याच टेबलावर तीन वर्षांमागे रंभा होती. वडखळकडची, मिठागरात टोपल्या वाहणारी. पोटात बाळ आडवं आलेलं. मिठाच्या टोपल्या मोजतात तसंच तिने मोजलं, शुभ म्हणून एकाला 'लाभ' म्हणत. अकराला थांबली. घाई होती, सगुणाने पापणी उचलूनही पाहिली नाही. "झोपली," म्हणाली. सुरी लागली तेव्हा रंभाच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. ईथरने येतं पाणी, अशी सगुणाने मनाची समजूत घातली. बाळ वाचलं, रंभा गेली.

"एक... दोन..." सगुणा मोजू लागली. तो गोडसर, डोक्यात चढणारा वास. नऊ... दहा... अकरा...

बारा म्हणायला गेली तर जीभ हलेना. पापणी हलेना. पण कान जागे! पोटावरून आयोडीनचा गार बोळा फिरलेला कळत होता.

"झोपल्या," सरू म्हणाली.

नाय गो! मी जागी हाय! सगुणा आतल्या आत किंचाळली. ट्रेमधून सुरी उचलल्याचा आवाज आला. देवा रे, रंभाचं असंच झालं होतं...

"बारा," कोणीतरी अगदी कानाशी म्हणालं.

"थांबा डॉक्टर!" सरू ओरडली. "अजून मोजतायत!"

थेंब भराभर पडू लागले आणि सगुणा खोल बुडाली.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. सरू उशाशी बसून होती.

"बाई, वाचलात. तुम्ही बारा म्हणाला नसतात तर..."

"मी नाय म्हटलं."

"तुमच्याच तोंडून आलं की. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलंत, एकाला लाभ म्हणत. अकराला थांबलात, आणि..."

"आणि काय गो?"

"'मी जागी व्हते, सगुणाबाय,' म्हणालात. स्वतःलाच हाक मारावी तसं..."

सरूने धुवायला म्हणून जाळी उचलली. वरचं कापड कडक झालं होतं, आणि आतल्या बाजूला, जिथे तोंड येतं तिथे, पांढरं जाडं मीठ धरलं होतं.