सात दिवसांचं ॲप

सन २०६१ मधली ही गोष्ट. खोटी वाटली तर माझ्या यंत्रखेकड्याला विचारा. तोही थापा मारतो, पण माझ्याइतक्या सफाईने नाही.

त्या दुपारी शेजारची नीरजा तांडेल धक्क्यावर माझ्याकडे धावत आली. चेहरा पांढराफटक.

“आबा, बाबांच्या होडीवरचं माझं ॲप चार वाजता बंद पडणार! ते पाचला येणार!”

खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा रोज जागा बदलतो. पाण्यातले तरंगते गोळे खोली मोजतात आणि सुरक्षित वाट तिच्या ॲपवर दिसते.

“बंद का पडेल?”

“फुकट खात्यावरची चाचणीप्रत (तपासण्यापुरतं दिलेलं ॲप) सातच दिवस चालते, मग फोन हातात घेऊन पुन्हा चढवावी लागते. मी होडी सुटल्यापासून दिवस मोजले. पण ॲप चढवलं होतं नारळी पौर्णिमेच्या पूजेला, मुहूर्तावर! वाऱ्यामुळे होडी सुटली तीन दिवसांनी.”

“घड्याळ मुहूर्त पाळत नाही, पोरी.”

“मग आत्ता पक्क्या खात्याचं शुल्क भरते!”

“भर, पण आज उपयोग नाही. तू कोण, हे तपासायला ॲप-दुकानवाले दोन दिवस घेतात. मग डिजिटल सही मिळते (ॲप तुझंच आहे, कुणी बदललेलं नाही, याची खूण). सही असली की प्रत सात दिवसांत मरत नाही आणि ॲप दुकानातही ठेवता येतं. पण शुल्क म्हणजे मासळीबाजारातला ओटा. ओटा मिळाला म्हणून बोंबील ताजे होत नाहीत. आणि घरच्यांपुरतं कालवण असेल तर ओटा हवाच कशाला?”

पाच वाजता धक्क्यावरचा वायरलेस खरखरला. “नीरू, काय दिसत नाय गो! येऊ का थांबू?”

नीरजाच्या स्वतःच्या फोनवर ताजी प्रत होती; तीत वाट दिसत होती आणि गोळ्यांनी टिपलेली बाबांची होडीही. तिने माइक धरला.

“हळू या बाबा. उजवीकडे... अजून... थांबा! आता सरळ!”

वायरलेसवर होडीचा तळ वाळूला घासल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मी मंगळावरून उडी मारली होती, तेव्हाही इतका घाबरलो नव्हतो.

“आलो गो आत!”

नीरजाने माइक खाली ठेवला. “आबा, एकट्या बाबांसाठी फुकटचं पुरलं असतं. तारीख तेवढी नीट मोजायची. पण सगळं बंदर माझं ॲप मागतंय. दर सातव्या दिवशी प्रत पुन्हा चढवायला चाळीस होड्यांकडे पोहत जाऊ का?”

तिने शुल्काचा अर्ज उघडला. नाव लिहिते न लिहिते तोच वायरलेसवर दुसराच आवाज आला, “पोरी, आम्ही पण दांड्यापाशी हाव. कुठनं येऊ?”

“थांबा काका,” तिने माइक उचलला. “आधी तुमची होडी. अर्ज कुठे पळत नाही.”